मुलाच्या परदेशातील उपचारांसाठी निधी कसा उभारावा

घरातील लहान मूल गंभीर आजारी पडते, डॉक्टर परदेशातील एखाद्या रुग्णालयाचे नाव घेतात आणि त्याच रात्री आईवडील मदतीचे आवाहन लिहायला बसतात. ही घाई समजण्यासारखी आहे, परंतु आवाहन हे पहिले काम नव्हे. लोक मनापासून देतात ते बहुधा एकदाच. आकडा चुकला म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा त्याच दारात उभे राहणे मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखेच जड जाते. म्हणून आधी कागद, मग खाते आणि त्यानंतर आवाहन हा क्रम सोडू नये.

पहिला कागद दुसऱ्या वैद्यकीय मताचा असावा. कोल्हापुरात निदान झाले असेल, तर सर्व अहवाल घेऊन मुंबईचे वाडिया बालरुग्णालय, केईएम किंवा टाटा स्मारक, अथवा वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांपैकी त्या आजाराचा विभाग असलेल्या ठिकाणी दाखवावे आणि हा उपचार भारतात होतो का, होत नसेल तर नेमके काय होत नाही, हे लेखी मागावे. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया, अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि यकृत प्रत्यारोपण आता भारतात होतात; जन्मजात हृदयदोष असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शस्त्रक्रियेची मदत मिळू शकते आणि त्याची चौकशी अंगणवाडी, शाळा किंवा कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयातून सुरू करता येते. पुष्कळदा मुलाला परदेशी नेण्याची गरज नसते, परदेशी औषध इथे आणण्याची असते. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार, पात्र ठरणाऱ्या रुग्णाला सरकारने अशा आजारांसाठी नेमलेल्या रुग्णालयामार्फत, म्हणजे उत्कृष्टता केंद्रामार्फत, ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे केईएम हे असे एक केंद्र आहे. या धोरणात नोंद असलेल्या आजारांवरील औषधे वैयक्तिक वापरासाठी आयात केल्यास १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी आरोग्य संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यासारख्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. हे दरवाजे ठोठावून झाल्यानंतरच परदेशाचा विचार करावा, कारण समंजस देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतो.

त्यानंतर खर्चाचे अंदाजपत्रक. परदेशी रुग्णालय पाठवते तो आकडा बहुधा रुग्णालयापुरता असतो आणि बाहेरच्या देशातील रुग्णाकडून मोठी रक्कम दाखल होण्यापूर्वीच भरून घेतली जाते. त्यात मूल आणि दोन पालक यांचा विमानप्रवास, व्हिसा, रुग्णालयाजवळचे भाड्याचे घर, गुंतागुंत झाल्यास वाढणारे दिवस आणि पुढच्या तपासणीची फेरी हे सारे आपण मिळवायचे असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर तर साधारण १०० दिवस रुग्णालयाच्या जवळपास राहावे लागते. विनिमय दराचीही तरतूद हवी : अंदाजपत्रक १ लाख डॉलरचे असेल आणि डॉलर दोनच रुपयांनी महागला, तरी २ लाख रुपयांची तूट पडते. एकूण आकड्यातून घरची बचत, विमा आणि नातेवाइकांनी कबूल केलेली रक्कम वजा करून जे उरते तेवढेच समाजाकडे मागावे, आणि ही वजाबाकी आवाहनात जशीच्या तशी छापावी. असे मांडलेले आवाहन मी कधी वाया गेलेले पाहिले नाही.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे पैसा कोणाच्या नावावर यावा. वडिलांच्या रोजच्या खात्याचा क्यूआर कोड पसरवणे सोपे असते, पण त्यातून पुढे दोन अडचणी उभ्या राहतात. घरखर्च आणि देणगी एकमेकांत मिसळतात. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५० हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम भेट म्हणून आल्यास ती आयकराच्या कक्षेत येऊ शकते. त्यामुळे सनदी लेखापालाचा सल्ला पहिला रुपया येण्याआधी घ्यावा. वैद्यकीय मदत हे उद्दिष्ट असलेल्या नोंदणीकृत न्यासाने (ट्रस्टने) जबाबदारी घेतली, तर तो मार्ग अधिक सुरक्षित असतो आणि न्यासाकडे आयकर खात्याची ८०जी ही मान्यता असल्यास देणगीदारालाही करात सवलत मिळू शकते. मात्र परदेशात होणाऱ्या खर्चाबाबत न्यासांवर आयकराची वेगळी बंधने असल्याने, न्यासाच्या लेखापरीक्षकाचे मत लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. न्यास मिळाला नाही, तर केवळ या कामासाठी स्वतंत्र खाते उघडावे, त्यावर दोन सह्यांची अट ठेवावी आणि त्यातील एक सही कुटुंबाबाहेरच्या विश्वासू व्यक्तीची असावी. शाखाधिकाऱ्यांना कागदपत्रे दाखवून आधीच कल्पना द्यावी, कारण नव्या खात्यात एकाएकी शेकडो रकमा जमा होऊ लागल्या, की ते तपासणीसाठी रोखले जाण्याची शक्यता असते. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या ऑनलाइन मंचांचा उपयोग करायचा असल्यास शुल्क किती, पैसे केव्हा मिळतात आणि कोणत्या बिलांवर मिळतात, हे आधी वाचावे. परदेशातील आप्तांचीही मदत होते, परंतु परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी विदेशी योगदानाच्या कायद्यात येऊ शकते. भारतीय नागरिक असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम त्यात धरली जात नाही.

रस्त्यावर, बाजारात किंवा कार्यक्रमात वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय कार्यालयात जाऊन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खालील परवानगीची चौकशी करावी. आपल्या कोल्हापूरच्या तालीम मंडळांना, म्हणजे पेठांतील सार्वजनिक मंडळांना, गणेशोत्सवामुळे ही परवानगी परिचयाची आहे, आणि म्हणूनच एखाद्या तालमीचा अनुभवी कार्यकर्ता निधी गोळा करणाऱ्या समितीत अवश्य घ्यावा. पेठेतील तालीम मनावर घेते, तेव्हा चार दिवसांत जे घडते ते महिनाभर मोबाइलवर संदेश पाठवूनही घडत नाही. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलला जमणारी गर्दी, गुजरी आणि लक्ष्मीपुरीतील व्यापारी, उद्यमनगर व शिरोलीतील कारखान्यांतून मिळू शकणारा एक दिवसाचा पगार, शाळेच्या जुन्या वर्गमित्रांचे गट, अशा प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस वेगळ्या भाषेत बोलणारा हवा. करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांत पैसा हातात येण्याचे दिवस ठरलेले असतात. दुधाचे बिल दहा दिवसांनी निघते आणि उसाचे बिल हंगामात, म्हणून तो दिवस साधून गेले तर कोणालाही संकोच होत नाही. सहकारी संस्थेला देणगीसाठी ठराव करावा लागतो, तेव्हा अर्ज मासिक सभेच्या आधी अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्याही हाती द्यावा. क्रमांक छापलेल्या पावतीशिवाय दहा रुपयेही स्वीकारू नयेत आणि दिवसभराची रोख दुसऱ्या दिवशी बँकेत जमा व्हावी.

मुलाचा नळ्या लावलेला, उघड्या अंगाचा फोटो वापरू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. हे मूल बरे होऊन शाळेत जाणार आहे, आणि तो फोटो तेव्हाही कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असणार आहे. हसरा जुना फोटो, डॉक्टरांचे पत्र, खात्याचा तपशील, आवाहनाची तारीख आणि शेवटची तारीख एवढे पुरेसे असते. तारीख नसलेली आवाहने वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि लबाड लोक त्यावर स्वतःचा क्यूआर चिकटवतात. तसे आढळल्यास सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि उपचारांसाठी डॉक्टर किंवा रुग्णालयाचे अंदाजपत्रक दाखवल्यास त्याहून अधिकही. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांवरील अशा रकमेवर पैसे पाठवतानाच बँक कर (टीसीएस) गोळा करते. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, परंतु त्या क्षणी हातात असावा लागतो, म्हणून चालू दर बँकेत विचारून तोही अंदाजपत्रकात धरावा. पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यावर पाठवावेत. पासपोर्टचा अर्ज मात्र निधीची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात करावा.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, तरी ती आवाहनातच लिहिली पाहिजे : रक्कम उरली, उपचार बदलले किंवा मूल वाचले नाही, तर पैशांचे काय होईल. रक्कम दुसऱ्या आजारी मुलाच्या उपचारांना द्यायची की न्यासाकडे ठेवायची, हे समितीने सुरुवातीलाच ठरवून सही करावी, म्हणजे त्या अवघड दिवसांत आईवडिलांना कोणी हिशेब विचारायला येणार नाही. काम संपल्यावर खाते बंद करावे, क्यूआर काढून घ्यावा आणि जमाखर्चाचा कागद तालमीच्या, दूध संस्थेच्या आणि शाळेच्या ज्या फलकांवर आवाहन लावले होते, त्याच फलकांवर लावावा.