चढ-उतारावर गाडी लावताना मी काय काय करते

हँडब्रेक ओढताना मी मनातल्या मनात खटके मोजते. माझ्या गाडीचा लिव्हर पाचव्या खटक्याला घट्ट होतो. सहावा लागायला लागला की गाडी मेकॅनिककडे न्यायची, हे ठरलेलं. ही सवय एका प्रसंगाने लागली.

लांबलचक उतार उतरून आले होते. वळणं बरीच, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर. खाली आल्यावर समोर छोटा चढ लागला, तिथेच एका घरापाशी थांबायचं होतं. गाडीचं तोंड चढाकडे ठेवून उभी केली, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक चांगला खेचून ओढला. ब्रेकवरचा पाय काढून पाहिलं, गाडी जागची हलली नाही. निश्चिंत मनाने आत गेले. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर गाडी वीसेक फूट मागे जाऊन एका झाडाच्या बुंध्याला टेकलेली. लिव्हर वरच होता, कोणी हात लावलेला नव्हता. मधल्या वेळात मागून कोणी गेलं नाही हे नशीब. माझ्या हुशारीचा त्यात काडीचाही वाटा नाही.

आधी वाटलं हँडब्रेक तुटला. तुटला नव्हता. माझ्या त्या गाडीला मागे डिस्क ब्रेक होते, आणि हँडब्रेक म्हणजे केबलने ओढून त्या डिस्कवर पॅड आवळून धरणं. उतरताना डिस्क सडकून तापल्या होत्या. तापलेला धातू फुगतो. मी त्या फुगलेल्या डिस्कवर पॅड आवळले आणि निघून गेले. पुढच्या काही मिनिटांत सगळं थंड होत आकसलं आणि पकड सैल पडली. फरक केसाएवढाच असेल, पण चढावर तेवढा पुरतो. त्या दिवशी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली असती तर ती बहुधा बोटभरही सरकली नसती.

म्हणून माझा नियम असा: उतारावर गाडी कधीही एका गोष्टीच्या भरवशावर सोडायची नाही. हँडब्रेक, गिअर आणि वळवलेली चाकं या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी दगा देतात. एकाच वेळी तिन्ही दगा देणं अवघड असतं.

गाडीवर जोर किती पडतो याचा अंदाज असलेला बरा. 10 टक्के चढ म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. डोळ्याला तो फारसा वाटतही नाही. पण त्या चढावर 1200 किलोची गाडी साधारण 120 किलोच्या ओढीने खाली जायला बघत असते. 20 टक्क्यांवर हीच ओढ जवळपास 235 किलो होते. मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो 13-एच क्रमांकाचा नियम आहे, त्यात पूर्ण भरलेली गाडी 20 टक्के चढावर आणि उतारावर पार्किंग ब्रेकने रोखून धरता आली पाहिजे अशी अट आहे. अर्थात ही कसोटी नव्या, नीट बसवलेल्या ब्रेकची. केबल ताणली गेलेल्या, लायनर झिजलेल्या आपल्या गाडीला ती जशीच्या तशी लावता येत नाही.

तेव्हा आधी आपला ब्रेक तपासून घ्या. मागेपुढे कोणी नसेल असा चढ शोधा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि ब्रेकवरचा पाय हळूहळू उचला. पाय पेडलच्या वरच तयार ठेवायचा. गाडी सरकली तर ताबडतोब दाबायचा आणि ब्रेकचं काम करून घ्यायचं. इंजिन चालूच ठेवा, कारण ते बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबलं की संपते आणि मग पेडल दगडासारखं कडक लागतं.

आता जागा. गाडी थांबवण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही सुटली तर कुठे जाईल? खाली शाळेचं फाटक, उघडा चौक, खोल दरी असं काही असेल तर मी शंभर पावलं जास्त चालते, पण तिथे लावत नाही. खालच्या बाजूला दुसरी गाडी असेल तर सपाटीवर ठेवतो त्याच्या दुप्पट अंतर ठेवते. निघताना आपली गाडी थोडी मागे येऊ शकते. ओलं गवत, सुटी वाळू, पाला साचलेली जागा यांवरही नको. अशा ठिकाणी ब्रेकने चाक पक्कं धरलं तरी टायरच घसरतो, चाक न फिरता गाडी खाली जाते.

जागा ठरली की चाकं वळवायची. बरेच जण हे करत नाहीत, आणि करतात त्यांतले निम्मे उलटं वळवतात. फुटपाथला उंच कड असेल आणि गाडीचं तोंड उताराकडे असेल, तर पुढची चाकं कडेकडे वळवा आणि हळूच पुढे सरकत टायर कडेला टेकू द्या. तोंड चढाकडे असेल तर चाकं कडेपासून दूर, म्हणजे रस्त्याच्या बाजूला वळवा आणि ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी इंच-इंच मागे येऊ द्या. मागे येताना गाडीचं नाक कडेकडे झुकतं आणि पुढच्या टायरचा मागचा भाग कडेला टेकतो. कडच नसेल तर चढ असो की उतार, चाकं रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे गाडी सुटलीच तर वाहत्या रस्त्यात न येता बाजूला जाईल. बाजूला घळ असेल तर मुळात तिथे लावायची नाही, हे वर आलंच आहे. सॅन फ्रान्सिस्को हे टेकड्यांवर वसलेलं शहर. तिथे 3 टक्क्यांहून जास्त चढ असलेल्या रस्त्यावर चाकं अशी वळवून लावणं नियमानेच बंधनकारक आहे. 3 टक्के म्हणजे आपण ज्याला चढ म्हणणारही नाही इतका चढ.

स्टिअरिंग गाडी किंचित चालत असतानाच फिरवा. उभ्या गाडीत जोर लावून फिरवलं की टायर जागच्या जागी घासतात. शिवाय टायर कडेवर दाबून बसला असेल तर परत आल्यावर कधीकधी स्टिअरिंगचं लॉक अडकतं आणि किल्ली फिरतच नाही. घाबरू नका. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवा, सुटते. पहिल्यांदा मी अर्धा तास किल्लीलाच शिव्या घालत बसले होते.

गाडी जागेवर आली की पुढचा क्रम मी कधी बदलत नाही. ब्रेक आणि क्लच दाबलेला, गिअर न्यूट्रलला. हँडब्रेक ओढायचा, खटके मोजत. मग ब्रेकवरचा पाय हळू उचलायचा आणि गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्यायचं. गाडी एखाद-दोन इंच दबून थांबेल. थांबली नाही तर आताच कळलं, चांगलं झालं. थांबली की पुन्हा ब्रेक दाबा, क्लच दाबा, गिअर टाका, इंजिन बंद करा. मग आधी क्लच सोडा, शेवटी ब्रेक. क्रम उलटा करून आधी गिअर टाकला आणि ब्रेक सोडला तर सगळं वजन गिअरबॉक्सवर जाऊन बसतं. निघताना गिअर निघता निघत नाही, आणि निघाला की गाडी धक्का देते. वजन हँडब्रेकने पेलायचं आणि गिअर मागे राखीव म्हणून ठेवायचा.

गिअर कोणता? तोंड चढाकडे तर पहिला, उताराकडे तर रिव्हर्स. हे दोन्ही गिअर सगळ्यांत जास्त ओढीचे असतात. चाक थोडं फिरायला बघेल तर इंजिनला बरंच जास्त फिरावं लागतं, आणि सिलिंडरमधली दाबली जाणारी हवा त्याला अडवते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हा अडथळा खूपच कमी. दिशेचं कारण मला जास्त पटतं: क्लच न दाबता कोणी किल्ली फिरवली तर गाडी उडी मारेल ती चढाच्या बाजूला, उताराच्या नाही. नव्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, जुन्या मात्र होतात.

माझ्या भाच्याला शिकवताना तो म्हणाला, "मावशी, गिअर एवढं धरतो तर हँडब्रेक कशाला ओढायचा? तूच म्हणतेस केबल सैल होते." प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की ती दाबलेली हवा कायम राहत नाही, पिस्टनच्या कडेने हळूहळू निसटते. मोठ्या चढावर फक्त गिअरवर सोडलेली गाडी खूप वेळाने एक झटका खाते, थांबते, पुन्हा एक झटका खाते, अशी पायरी-पायरीने उतरू शकते. इंजिन जुनं असेल तर लवकर. क्लच घसरत असेल तर तोही धरत नाही.

यावर भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याला सगळ्यांत आवडली. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागची दोन चाकं धरतो. ज्या गाड्यांची पुढची चाकं इंजिनने फिरतात, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्या तशाच असतात, त्यांत गिअर पुढची दोन चाकं धरतो. दोन्ही लावले की चारही चाकं धरली गेली. तोंड उताराकडे असताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, तेव्हा हे फार कामाला येतं. इंजिन मागची चाकं फिरवत असेल तर मात्र ब्रेक आणि गिअर दोन्ही मागच्याच चाकांवर येतात, पुढची मोकळी राहतात. अशी गाडी असेल तर मोठ्या उतारावर चाकाला पाचर किंवा दगड लावायलाच हवा.

माझ्या त्या प्रसंगासारखी, ब्रेक तापलेल्या अवस्थेत गाडी लावली असेल तर गिअर टाकलेला असला तरी दहा-पंधरा मिनिटांनी परत येऊन लिव्हर अजून एखादा खटका वर येतो का बघा. रिकामी गाडी लावून नंतर त्यात माणसं आणि सामान भरणार असाल तेव्हाही तेच.

हँडब्रेकऐवजी बटण असेल तरी गिअर आणि चाकं यांत सूट नाही. आणि चढावर गाडी निघताना मागे येऊ न देणारी जी सोय असते, ती दोन-तीन सेकंदांपुरती असते. तिचा गाडी लावण्याशी संबंध नाही. कडाक्याच्या थंडीत ब्रेक गोठून अडकतो, तिथे हँडब्रेक न ओढता सपाट जागा, गिअर आणि पाचरा. मुलांना उतारावरच्या गाडीत एकटं सोडून दोन मिनिटांसाठीसुद्धा जाऊ नका. लिव्हरचं बटण दाबायला फार ताकद लागत नाही.

एवढं करूनही गाडी सरकायला लागली आणि तुम्ही बाहेर असाल, तर तिच्या वाटेत उभं राहून हाताने अडवायला जाऊ नका, दार उघडून आत उडी मारायलाही जाऊ नका. ओरडा, लोकांना बाजूला करा. पत्रा ठोकून घेता येतो.

निघताना आत बसल्यावर पहिलं काम ब्रेक दाबणं. मग क्लच, मग किल्ली. गाडी गिअरमध्ये आहे हे विसरून क्लच न दाबता किल्ली फिरवणारे मी पाहिलेत, त्यात मीही आले. चढावर पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडत या, इंजिनचा आवाज जड होऊन गाडीचं नाक जरासं उचललं की हँडब्रेक सोडा. चाकं वळलेली आहेत हे लक्षात ठेवा. चढाकडे तोंड असताना ती रस्त्याकडे वळलेली असतात, त्यामुळे गाडी सरळ न जाता वाहत्या रस्त्यात शिरते. आधी आरसा आणि मान वळवून मागे बघा. उताराकडे तोंड असेल तर कडेला टेकलेला टायर सोडवायला आधी हातभर मागे घ्यावी लागते.

दगड लावला असेल तर तो टायरच्या उताराच्या बाजूला, घट्ट टेकवून, शक्यतो दोन्ही मागच्या चाकांना. गोल दगड नको, तो घरंगळतो. आत बसण्याआधी तो काढा. हँडब्रेक आणि गिअर लागलेलेच असतात, त्यामुळे पायाने ढकलला तरी सुटायला हवा. सुटला नाही आणि टायरखाली चेपून बसलेला असेल, तर मधल्या वेळात गाडी त्याच्यावर सरकली आहे आणि हँडब्रेकने धरलेलं नाही. अशा वेळी गाडीच्या खालच्या बाजूला वाकून तो ओढत बसू नका. आत बसा, गाडी हातभर चढावर घ्या, पुढे सपाटीवर नीट उभी करा आणि चालत परत येऊन दगड उचला, नाहीतर रात्री एखादा दुचाकीवाला त्याच्यावर आपटेल. आणि त्याच दिवशी ब्रेक दाखवून घ्या.