एकतर्फी सामन्याचा तक्ता कसा वाचावा : अमेरिकन फुटबॉलच्या आकडेवारीविषयी

कोल्हापुरात फुटबॉल कळणारी माणसे घरोघरी आहेत. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला गोल कोणी केला, कोणत्या मिनिटाला केला आणि पास कोणाचा होता एवढे समजले, की न पाहिलेला सामनाही त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींमुळे आता यांपैकी काही घरांत तिथल्या व्यावसायिक फुटबॉलचे, म्हणजे एनएफएलचे, सामनेही पाहिले जातात. मात्र तिथले रविवार दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात आणि सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, सोमवारी पहाटे पाचला, त्यामुळे पुष्कळांना सकाळी चहाबरोबर फक्त आकड्यांचा तक्ता वाचायला मिळतो. सामना अटीतटीचा झाला असेल तर तो तक्ता बरेचसे खरे सांगतो. सामना एकतर्फी झाला असेल तर तोच तक्ता वाचकाला हमखास चकवतो, आणि म्हणून तो कोणत्या क्रमाने वाचावा हे येथे सविस्तर मांडत आहे.

उदाहरणासाठी २ फेब्रुवारी २०१४ रोजी झालेला ४८वा सुपर बोल घेऊ. सिअ‍ॅटल सीहॉक्सने डेन्व्हर ब्रॉन्कोजचा ४३-८ असा पराभव केला. डेन्व्हरने त्या हंगामात ६०६ गुण मिळवून विक्रम केला होता आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन पास देणारा खेळाडू, पेटन मॅनिंग याने ५५ टचडाऊन पास दिले होते (टचडाऊन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे; त्याचे ६ गुण, आणि पुढच्या किकवर बहुधा आणखी १). आता तक्ता पाहावा (चेंडू पुढे नेलेले अंतर यार्डांत मोजतात; चार प्रयत्नांत, म्हणजे डाऊनमध्ये, १० यार्ड पुढे गेले की नवा फर्स्ट डाऊन मिळतो) : सिअ‍ॅटलचे एकूण यार्ड ३४१, डेन्व्हरचे ३०६, सिअ‍ॅटलचे फर्स्ट डाऊन १७, डेन्व्हरचे १८. अंतिम गुण झाकून ठेवले आणि केवळ हे चार आकडे दाखवले, तर कोणीही हा सामना शेवटच्या मिनिटापर्यंत रंगला असेल असेच म्हणेल.

म्हणून यार्डांपासून सुरुवात करू नये. सर्वप्रथम गुण कोणत्या क्रमाने झाले ती यादी वाचावी आणि प्रत्येक नोंदीपुढे ते गुण कोणी मिळवून दिले हे लिहावे : आक्रमणाने, बचावाने की किक परतवणाऱ्या तुकडीने. या सामन्यात पहिल्याच डावपेचावर (चेंडू खेळात येऊन थांबेपर्यंतचा एक तुकडा म्हणजे डावपेच) चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला आणि डेन्व्हरच्या खेळाडूला तो स्वतःच्या एन्ड झोनमध्येच, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यातच, धरावा लागला. १२ सेकंदांत सिअ‍ॅटलला सेफ्टीचे, म्हणजे प्रतिस्पर्धी स्वतःच्याच एन्ड झोनमध्ये अडकल्याचे, २ गुण मिळाले. पुढे ३१ आणि ३३ यार्डांवरून दोन फील्ड गोल (किकवर मिळणारे प्रत्येकी ३ गुण) झाले आणि मार्शॉन लिंचने १ यार्डाची धाव घेऊन टचडाऊन केले. त्यानंतर माल्कम स्मिथने मॅनिंगचा पास हवेत पकडून (याला इंटरसेप्शन म्हणतात) ६९ यार्ड धावत टचडाऊन केले आणि मध्यंतराला २२-० असा गुणफलक झाला. दुसऱ्या अर्धाची पहिलीच किक पर्सी हार्विनने ८७ यार्ड परतवून २९-० केले, आणि उरलेली दोन टचडाऊन रसेल विल्सनच्या पासांवर झाली. आता बेरीज करावी. सेफ्टीचे २, इंटरसेप्शनवरचे ७ आणि किक परतवून मिळालेले ७ असे १६ गुण सिअ‍ॅटलच्या आक्रमणाने एकही डावपेच न खेळता मिळाले. आक्रमणाचा वाटा २७ गुणांचा. डेन्व्हरच्या आक्रमणाचे गुण ८. म्हणजे दोन्ही आक्रमणांतला फरक १९ गुणांचा होता आणि बाकीचे १६ गुण अन्य मार्गांनी आले. ही एवढी फोड केल्याशिवाय पुढच्या रकान्याकडे वळूच नये, असे माझे ठाम मत आहे.

यार्डांचा रकाना आपल्याला का चकवतो, हेही या फोडीतूनच कळते. एकूण यार्डांत फक्त आक्रमणाने डावपेचांतून मिळवलेले यार्ड धरले जातात. स्मिथचे ६९ आणि हार्विनचे ८७ मिळून १५६ यार्ड सिअ‍ॅटलच्या त्या ३४१ मध्ये मोजलेलेच नाहीत. शिवाय बचाव किंवा परतीची तुकडी टचडाऊन करते तेव्हा गुण मिळाल्यावर लगेच किक मारून चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच द्यावा लागतो. अशा वेळी मागे पडलेल्या संघाचे आक्रमण पुन्हा मैदानात येते आणि त्याचे यार्ड वाढण्याची संधीही वाढते.

यानंतर टर्नओव्हरचा, म्हणजे चुकीने प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या चेंडूंचा, रकाना वाचावा, कारण एकतर्फी निकालाचे मूळ बहुधा तेथेच सापडते. डेन्व्हरचे टर्नओव्हर ४, सिअ‍ॅटलचा एकही नाही. यात दोन इंटरसेप्शन आणि दोन गमावलेले फंबल, म्हणजे हातून सुटून प्रतिस्पर्ध्याला मिळालेले चेंडू, आहेत. मात्र ज्या चुकीने सामन्याची सुरुवात झाली ती सेफ्टी या चारांत नाही. तिच्यामुळे सिअ‍ॅटलला २ गुण मिळाले आणि पाठोपाठ चेंडूचा ताबाही मिळाला, तरी नियमाप्रमाणे तिची गणना टर्नओव्हरमध्ये होत नाही. चौथ्या डाऊनवर आवश्यक यार्ड न मिळाल्याने गेलेला ताबाही त्या रकान्यात येत नाही. असे प्रसंग हाताने शोधून टर्नओव्हरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावेत.

आता क्वार्टरबॅक. मॅनिंगच्या नावापुढे ४९ पैकी ३४ यशस्वी पास, २८० यार्ड, १ टचडाऊन, २ इंटरसेप्शन अशी नोंद आहे. विल्सनच्या नावापुढे २५ पैकी १८, २०६ यार्ड, २ टचडाऊन, इंटरसेप्शन एकही नाही. ३४ यशस्वी पास हा तेव्हा सुपर बोलमधला विक्रम होता. या विक्रमाने भारावून जाण्याआधी यार्डांना प्रयत्नांनी भागावे : मॅनिंगला दर प्रयत्नामागे ५.७ यार्ड मिळाले, विल्सनला ८.२. एकतर्फी सामन्यात क्वार्टरबॅकची एकच संख्या पाहायची असेल तर ही पाहावी. एकूण यार्ड प्रयत्नांच्या संख्येबरोबर फुगतात, ही सरासरी मात्र फुगत नाही.

पासर रेटिंग हा क्वार्टरबॅकच्या पासांचे मोल सांगणारा आकडा तक्त्यात तयार दिलेला असतो, परंतु तो एकदा तरी स्वतः काढून पाहावा. यशस्वी पासांच्या टक्केवारीतून ३० वजा करून २० ने भागावे. दर प्रयत्नामागच्या यार्डांतून ३ वजा करून ४ ने भागावे. टचडाऊनच्या संख्येला प्रयत्नांनी भागून २० ने गुणावे. इंटरसेप्शनच्या संख्येला प्रयत्नांनी भागून २५ ने गुणावे आणि आलेली संख्या २.३७५ मधून वजा करावी. चारपैकी कोणतीही संख्या २.३७५ पेक्षा मोठी आली तर २.३७५ च धरावी, आणि शून्याखाली गेली तर शून्य. चारांची बेरीज करून ६ ने भागावी आणि १०० ने गुणावी. मॅनिंगसाठी या चार संख्या १.९७, ०.६८, ०.४१ आणि १.३५ अशा येतात आणि रेटिंग ७३.५ निघते, विल्सनचे १२३.१. हाताने गणित केल्यावर स्पष्ट दिसते की मॅनिंगची पहिली संख्या चांगली आहे, परंतु दुसरी आणि तिसरी फारच लहान आहेत. म्हणजे पास पोहोचत होते, पण त्यांतून अंतर कमी पडत होते आणि गुण जवळजवळ मिळतच नव्हते.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्वार्टरबॅक पास देण्याआधीच पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर त्यात गेलेले यार्ड संघाच्या पासिंग यार्डांतून वजा होतात, परंतु खेळाडूच्या वैयक्तिक नोंदीतून होत नाहीत. त्यामुळेच मॅनिंगचे २८० यार्ड आणि डेन्व्हरचे पासिंग यार्ड २७९ असा एकाचा फरक दिसतो. तो छपाईचा दोष समजू नये.

धावांच्या रकान्यात यार्डांआधी धावांची संख्या पाहावी. डेन्व्हरने १४ धावांत २७ यार्ड मिळवले, सिअ‍ॅटलने २९ धावांत १३५. सिअ‍ॅटलची सरासरी ४.७ येते, तरीही त्यांचा मुख्य धावपटू लिंच १५ धावांत केवळ ३९ यार्ड मिळवू शकला. हार्विनच्या दोनच धावांत ४५ यार्ड आले होते. त्या दोन बाजूला काढल्या तर उरलेल्या २७ धावांची सरासरी ३.३ होते, आणि सिअ‍ॅटलने डेन्व्हरची बचावफळी धावून फोडून काढली असे लिहिता येत नाही. मोठ्या फरकाच्या निकालानंतर विजेत्याचे प्रत्येक अंग उत्तम चालले असे गृहीत धरण्याचा मोह होतो. तो या एका भागाकाराने आवरतो.

रिसीव्हरांचेही तसेच आहे. डेन्व्हरच्या डिमेरियस थॉमसने १३ पास पकडून ११८ यार्ड मिळवले, तर सिअ‍ॅटलच्या डग बॉल्डविनने ५ पासांत ६६ आणि जर्मेन कर्सने ४ पासांत ६५ यार्ड मिळवले. थॉमसने गमावलेला फंबल मात्र पासांच्या रकान्यात दिसत नाही, त्यासाठी तक्त्याच्या तळाशी असलेली फंबलची स्वतंत्र नोंद उघडावी लागते.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कष्टाची पायरी म्हणजे सामना नेमका कोणत्या क्षणी निकाली निघाला हे ठरवून तेथे रेघ ओढणे. खासबागेच्या मैदानात पैलवान चितपट झाला की कुस्ती तेथेच संपते. येथे निकाल लागल्यानंतरही घड्याळ चालू राहते आणि आकडे जमा होत राहतात. रेघ कोठे ओढावी यासाठी माझी पद्धत अशी आहे : एका ताब्यात टचडाऊन आणि दोन गुणांचा जोडप्रयत्न धरून जास्तीत जास्त ८ गुण मिळतात, म्हणून पिछाडीला ८ ने भागून किती ताबे लागतील ते पाहावे. मध्यंतराच्या २२-० ला तीन ताबे पुरले असते. हार्विनच्या परतीनंतरच्या २९-० ला चार लागणार होते, आणि तेही सिअ‍ॅटलने आणखी एकही गुण न मिळवता. म्हणून मी रेघ तेथे ओढतो. डेन्व्हरचे सगळे ८ गुण या रेघेपलीकडचे आहेत : गुणफलक ३६-० असताना, तिसऱ्या सत्राच्या अखेरीस, थॉमसने पकडलेल्या १४ यार्डांच्या पासवर आणि त्यापुढच्या दोन गुणांच्या जोडप्रयत्नावर ते मिळाले.

रेघेपलीकडचे आकडे वेगळे का वागतात याला कारण आहे. आघाडीवरचा संघ धावून खेळतो, कारण धावपटू मैदानाच्या आत पडला तर घड्याळ थांबत नाही. पिछाडीवरचा संघ पासच देतो, कारण अपुरा पास घड्याळ थांबवतो. आघाडीवरची बचावफळी मागे सरकून लांब पास रोखते आणि समोरचे आखूड पास मिळू देते. त्यामुळे चार्टवरून, म्हणजे प्रत्येक डावपेचाच्या क्रमवार नोंदीवरून, दोन्ही बाजूंचे यार्ड रेघेआधीचे आणि रेघेनंतरचे असे दोन रकान्यांत मांडावेत. वही-पेन्सिलीने हे काम शांतपणे करता येते.

सगळेच एकतर्फी सामने असे नसतात. २४ सप्टेंबर २०२३ रोजी मायामी डॉल्फिन्सने याच डेन्व्हरला ७०-२० असे हरवले, तेव्हा मायामीचे एकूण यार्ड ७२६ होते : ३७६ पासचे, ३५० धावांचे. येथे यार्ड आणि गुण एकच गोष्ट सांगतात. दहाही टचडाऊन आक्रमणाचीच होती. तुआ तागोवायलोआने २६ पैकी २३ पासांत ३०९ यार्ड आणि ४ टचडाऊन मिळवले. त्याचे रेटिंग १५५.८ येते, आणि वरच्या सूत्राने मिळू शकणारे कमाल रेटिंग १५८.३ आहे. उरलेले ६७ पासिंग यार्ड राखीव क्वार्टरबॅकचे आहेत, म्हणून ते रेघेपलीकडच्या रकान्यात जातात. डेव्हॉन एचॅनच्या १८ धावांतील २०३ यार्डांपैकीही ६७ यार्ड चौथ्या सत्रातल्या एकाच धावेचे आहेत. ते वगळले तरी १७ धावांत १३६, म्हणजे सरासरी ८ उरते, आणि त्याची कामगिरी रेघेअलीकडेही तितकीच मोठी ठरते. अखेरीस मायामीने फील्ड गोलचा प्रयत्न न करता घड्याळ संपू दिले. तो यशस्वी झाला असता तर ७३ गुण होऊन १९६६ मध्ये वॉशिंग्टनने केलेला साखळी सामन्यातील ७२ गुणांचा विक्रम मोडला असता.

बचावपटूंचे आकडे शेवटी पाहावेत आणि टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडण्याच्या, संख्येला बेताचेच महत्त्व द्यावे, कारण प्रतिस्पर्धी जितके अधिक आखूड पास पकडतो तितके टॅकल आपोआप वाढतात. माल्कम स्मिथ ४८व्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्या नोंदीत इंटरसेप्शनवरचे टचडाऊन, परत मिळवलेला एक फंबल आणि बरेच टॅकल आहेत; यांतील इंटरसेप्शन रेघेच्या अलीकडचे, गुणफलक १५-० असतानाचे, आहे आणि त्याच्या निवडीचे खरे वजन तेथेच मोजावे.