टकीला घेताना या चुका टाळा

रंग बघून टकीला घेऊ नका. हे सांगून सांगून घसा बसला, तरी परदेशातून कोणी आलं की विमानतळावर घेतलेली ती सोनेरी बाटली टेबलावर येतेच. एका साखरपुड्यात मुलाच्या मामांनी अशीच बाटली थाटात काढली. "जुनी आहे बरं का, रंग बघा!" मी बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं. '१०० टक्के अगावे' कुठेच लिहिलेलं नाही. अगावे म्हणजे जिच्यापासून टकीला काढतात ती वनस्पती. म्हणजे मिश्र माल: निदान ५१ टक्के साखर निळ्या अगावेची, बाकीची उसाबिसाची. सोनेरी रंग कॅरॅमलचा. मामा म्हणाले, "जाऊ द्या हो, दारू ती दारू," आणि रिकाम्यापोटी सगळ्यांना पाजली. सकाळी डोकी धरून बसलेली मंडळी 'टकीला आपल्याला सोसत नाही' म्हणत होती.

वय कळतं ते लेबलवरच्या शब्दावरून. ब्लांको म्हणजे थेट भट्टीतून किंवा दोन महिन्यांच्या आतली. रेपोसादो ओकच्या लाकडात किमान दोन महिने, आन्येहो किमान एक वर्ष, एक्स्ट्रा आन्येहो तीन वर्षं. क्रिस्तालीनो तर मुरवून मग कोळशातून गाळतात, म्हणून पाण्यासारखी दिसते. आता लावा रंगावरून वय!

दुसरी चीड टकीलासोबत मीठ-लिंबू चाटण्याची. अगावे तयार व्हायला सहा-आठ वर्षं जातात. हिमादोर, म्हणजे अगावे तोडणारा कामगार, कोआ नावाच्या लांब दांड्याच्या हत्याराने पानं तासून मधला गड्डा काढतो. जुन्या पद्धतीत तो विटांच्या भट्टीत दीड-दोन दिवस शिजतो, तेव्हा कुठे त्यातल्या इन्युलिनची, म्हणजे साठवलेल्या पिष्टासारख्या पदार्थाची, साखर होते आणि तो भाजक्या रताळ्यासारखा गोड वास येतो. मोठे कारखाने हेच काम प्रेशरच्या टाकीत काही तासांत उरकतात. डिफ्युझर नावाचं यंत्र वापरणारे तर कच्च्या गड्ड्यातूनच गरम पाण्याने रस ओढतात. त्यांच्या मालाला मीठ-लिंबू खुशाल लावा. चांगली ब्लांको मात्र वाईनच्या लहान ग्लासात, बर्फाशिवाय, आधी हुंगून. घाई असेल त्याने बिअर प्यावी.

बाटलीत अळी शोधू नका, ती मेस्काल या अगावेच्याच दुसऱ्या दारूच्या काही बाटल्यांत असते. आन्येहो मार्गारिटाच्या कॉकटेलात ओतू नका. अगावेला निवडुंग म्हणू नका. बांधावरची आपली घायपात तिच्याच कुळातली. दख्खनच्या घायपातीची दारूही आता मिळते, पण तिला टकीला म्हणायचं नाही. ते नाव मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याचं आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांचं आहे.

आणि लेबलवरचा 'नॉम'चा (NOM, मेक्सिकोचं सरकारी मानक) चार आकडी नंबर वाचा. तो कारखान्याचा असतो. महाग आणि स्वस्त, दोन्ही १०० टक्केवाल्या बाटल्यांवर एकच नंबर दिसला की मी आधी स्वस्तातली उचलतो.