चित्रकाराचं घर बघायला जाताय? मग आधी खाली बघा

आधीच सांगतो, चित्रकाराच्या घरी चित्रं बघायला जाऊ नका. ती बहुतेक कधीच विकली गेलेली असतात नाहीतर मोठ्या म्युझियममध्ये असतात. फ्रान्समध्ये जिव्हर्नी गावात क्लोद मोने या चित्रकाराच्या घरी स्टुडिओत टांगलेली त्याची चित्रं नकला आहेत, ती मोठ्ठी कमळं बघायची तर पॅरिसला ऑरांजरी म्युझियममध्ये जावं लागतं. म्हणून जमलं तर ओरिजिनल आधी बघून घ्या, घर नंतर.

तिकीट काढायच्या आधी एवढं बघा की तिथलं खरं किती आणि नंतर मांडलेलं किती. अ‍ॅमस्टरडॅमला रेम्ब्रांटचं घर खरं, पण सामान नंतर जमवलेलं. 1656 मध्ये त्याचं दिवाळं निघालं तेव्हा घरातल्या वस्तूंची यादी केली होती, तिच्यावरून खोल्या परत लावल्यात (म्हणजे कर्जबाजारी झाला ते आपल्या पथ्यावर पडलं). फ्रान्सिस बेकनचं तर उलटंच, लंडनचा अख्खा स्टुडिओ भिंती, छत आणि धुळीसकट उचलून डब्लिनला नेला, सुमारे 7000 वस्तू, आणि तो काचेतूनच बघायचा.

बुकिंग ऑनलाइन आणि लवकर करा, कारण खोल्या छोट्या असतात, वेळेचे स्लॉट असतात, मेक्सिको सिटीत चित्रकार फ्रिडा काहलोच्या निळ्या घराचे तर पटापट संपतात. जिव्हर्नी हिवाळ्यात बंद असतं. मी एकदा एका ठिकाणी न बघता गेलो आणि बंद गेटचा फोटो काढून परत आलो, असो.

आत गेलात की पहिल्यांदा जमीन बघा. न्यूयॉर्क राज्यात ईस्ट हॅम्प्टनला जॅक्सन पोलॉकचा स्टुडिओ आहे, तिथं मऊ सपाता घालून रंग उडालेल्या जमिनीवरच चालायचं असतं. तो कॅनव्हास खाली अंथरून रंग ओतायचा, त्यामुळे कडेच्या बाहेर उडालेलं सगळं फळ्यांवर राहिलं, आणि 1953 मध्ये वरून नवीन तक्ते ठोकले म्हणून ते खाली झाकून टिकलं. भिंतींवरचे फटकारे मात्र त्याच्या बायकोचे, ली क्रॅस्नरचे, तो 1956 मध्ये वारल्यावर ती तिथं काम करायची. हे गाइडला विचारा, नाहीतर लोक सगळं त्याच्याच नावावर खपवतात.

मग खिडकी. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स गावात पॉल सेझानच्या स्टुडिओत उत्तरेला प्रचंड खिडकी आहे, तिकडून थेट ऊन येत नाही त्यामुळे उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. तिच्या बाजूला भिंतीत एक उंच अरुंद फट दिसेल, ती मोठे कॅनव्हास बाहेर काढायला, कारण जिन्यावरून ते जायचेच नाहीत. ग्रुप पुढे सरकला की दोन मिनिटं मागे थांबा आणि शेल्फवरचा प्लास्टरचा क्युपिड (प्रेमदेवाचा पुतळा) बघा, तो त्याच्या चित्रांत सापडतो.

फोटो काढायचे का ते विचारून घ्या, सॅक बाहेर ठेवा. आणि दुकानात पोस्टकार्ड घ्यायचंच असेल तर खोलीचं घ्या, चित्राचं कुठेही मिळतं.