आवडीचा क्लायंट आला की दुप्पट सावध राहा

मसाज थेरपीच्या कोर्समध्ये भेदभावावर एखादं लेक्चर होतं, आणि ते सगळं नावडत्या माणसांबद्दल असतं. जाड माणसाला पाहून नाक मुरडू नका, जात-धर्म काढू नका, अंगावर कोड दिसलं तर हात मागे घेऊ नका. बरोबरच आहे. कोड स्पर्शाने पसरत नाही, सोरायसिसही नाही (फुटलेली, ओली जागा मात्र सोडायची). गजकर्ण पसरतं. एचआयव्ही असलेल्या माणसाशी भेदभाव करायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे, तृतीयपंथी व्यक्तीशी करायला २०१९च्या. एवढं पाठच हवं.

पण नव्या मुलामुलींना मी आधी वेगळंच सांगते. आवडत्या क्लायंटपासून जपा.

माझं माहेर कुडाळकडचं. अंधेरीत दिवसभर हिंदी-इंग्रजीत ‘प्रेशर ठीक आहे ना’ विचारून जीभ थकते. तिथे एक मालवणी बोलणाऱ्या काकू यायला लागल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) त्यांच्यासाठी सगळंच सैल झालं. वेळ संपली तरी हात चालूच. माझा नंबर त्यांच्याकडे. दर वेळी भरायचा तब्येतीचा फॉर्म त्यांच्यापुरता बंद, कारण आपल्याच माणसाला काय कागद पुढे करायचा!

मग काकू आपल्या मुलीकडे अमेरिकेला राहून परत आल्या आणि त्याच आठवड्यात टेबलावर. डावी पोटरी दुखतेय म्हणाल्या. ‘वायच जोरान दाब गो.’ फॉर्म कोरा, माझ्या हाताला तेल. हात ठेवला तर डावी पोटरी उजवीपेक्षा गरम, कातडी ताणून चकाकत होती. मी तिथेच थांबले, त्यांना उठून बसवलं आणि तडक डॉक्टरकडे पाठवलं. डॉपलरमध्ये (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) शिरेत रक्ताची गाठ निघाली.

हे नीट समजून घ्या. विमानात तासन्‌तास पाय लोंबकळत बसलं की पायातलं रक्त मंदावतं आणि आतल्या मोठ्या शिरेत गाठ धरू शकते. वरून चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यात माणूस जातो. एकाच पायाला सूज, गरमपणा, दुखणं, यातलं काहीही असेल तर त्या पायाला हात लावायचा नाही. मालिश बंद, त्याच दिवशी डॉक्टर. लांबचा प्रवास झाला का, ऑपरेशन किंवा प्लास्टर होतं का, गरोदर आहात का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे तेल हाताला लागण्याआधी विचारायचं. अनोळखी बाई असती तर मी हे सगळं पहिल्या मिनिटाला विचारलं असतं. काकूंना विचारलं नाही, कारण त्या मला आवडत होत्या. नावडत्या माणसाच्या बाबतीत आपलं मन आपल्याला टोचत असतं, त्यामुळे निदान लक्ष तरी राहतं. आवडत्या माणसाच्या बाबतीत आपण चांगुलपणा करतोय असंच वाटत राहतं.

माया वाटण्यात काही चूक नाही. ती वाटणारच. दहा-दहा तास माणसांच्या अंगाला हात लावणारा दगड कसा राहील? मला आजही वाटते. फक्त फॉर्म, घड्याळ आणि अंगावरची चादर या तिन्ही गोष्टी सगळ्यांना सारख्या ठेवा. काकू आता येतात तेव्हा मी फॉर्म पुढे करते. पहिल्यांदा त्या रुसल्या, आता स्वतःच पेन मागतात.

‘क्लायंटला घरचं माणूस समज’ असं शिकवणारे सिनियर मला अजिबात पटत नाहीत. घरच्यांना आपण किती वेळा बीपी विचारतो? आठवड्याभरात सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासचंही तेच. हात बसवतात, पण कुठे हात लावायचा नाही ते शिकवायला त्यांच्याकडे वेळ नसतो. ज्या सिनियरने आजवर एकही क्लायंट मालिश न करता परत पाठवलेला नाही, त्याच्याकडे शिकू नका.

मुलींसाठी अजून एक. एकटा पुरुष क्लायंट आला म्हणून तो वाईटच, असं धरून चालू नका. पाठदुखीने बेजार झालेला साधा माणूस असतो बहुतेक वेळा. पण चादर मुद्दाम सरकवली, नको ते मागितलं, तर लगेच बाहेर पडा आणि सेशन तिथेच संपवा. पैसे परत द्यायचे की नाही ते मालक बघेल. आणि इथेही जपायचं ते आवडत्यांपासूनच. ‘जुने आहेत, टिप चांगली देतात, चुकून झालं असेल’ असं म्हणत मुली सहन करत राहतात. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसापासूनही तुम्हाला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. स्पामध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार द्यायची, तीन महिन्यांच्या आत. मुंबईत जिल्हे दोन आहेत. दादर-परळचा स्पा असेल तर मुंबई शहर, अंधेरी-बोरिवलीचा असेल तर मुंबई उपनगर.