गलाईत सोनं कमी भरतंय? या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सराफाच्या केरातून सोनं काढणं हे त्यांच्या हातचं काम. तरी तक्रार ऐकू येतेच: माल चांगला होता, हाती कमी आलं. सोनं हवेत विरत नाही. कुठल्या तरी टप्प्यावर आपणच ते फेकून देतो.

बहुतेक वेळा ते तेजाबाच्या, म्हणजे नायट्रिक आम्लाच्या, आधीच ठरतं. केर अर्धवट भाजला तर उरलेला कोळसा विरघळलेलं सोनं धरून ठेवतो आणि ते गाळाबरोबर बाहेर जातं. काळेपणा जाईपर्यंत भाजा, मग लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढा.

तेजाबात लगड (वितळवून केलेला धातूचा गोळा) थोडी फसफसून थांबली, तर सोन्याचा वाटा जास्त आहे. एका भागाला तीन भाग चांदी धरून पुन्हा वितळवा. पाणी दुधासारखं झालं तर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी चांदीचा साका (न विरघळणारा गाळ) केलाय. डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

आम्लराजातून (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणातून) सोनं खाली बसत नसेल, तर नायट्रिक जास्त पडलंय. घाईनं सोनं खाली बसवणारं मेटाबायसल्फाइट ओतत राहू नका, आधी ते नायट्रिक घालवा. टाकाऊ पाण्याच्या थेंबावर स्टॅनस क्लोराइड टाकून पाहा. जांभळा-काळा रंग आला की त्यात अजून सोनं आहे. त्या पाण्यात अमोनिया मात्र कधीही घालू नका. वाळल्यावर स्फोट होणारा साका तयार होतो.

तांबूस धुराबद्दल कळकळीनं सांगतो. नायट्रिकचा हा धूर छातीत गेला, की त्या वेळी नुसता खोकला येतो. माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. धूर ओढून धुऊन घेणारी यंत्रणा नसेल, तर भट्टी पेटवूच नका. धूर अंगावर आलाच, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा.

कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली. तिथल्या मातीच्या ढिगांत ३ कोटी टनांहून जास्त माल पडून आहे, म्हणून काहींना मोह होतो. पण त्यात टनामागे ग्रॅमभरही सोनं नाही. तिथं केराचा हिशेब लागू पडत नाही, सायनाइडच लागतं. चुना घालून त्या द्रावणाचा सामू (पीएच) १०.५च्या आसपास राखावा लागतो. तो घसरला, की जीवघेणा हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. परवाना असलेल्या प्रकल्पाबाहेर सायनाइडला हात लावू नका, आणि तेजाबाच्या खोलीत तर ते येऊच देऊ नका.