नायट्रेटच्या बातमीसाठी तज्ज्ञ हवाय? विनंती अशी लिहा

अमेरिकेतल्या बातमीदारांना विज्ञानाच्या बातमीसाठी जाणकार माणूस गाठून देणारी एक सेवा आहे, सायलाइन. वॉशिंग्टनची अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स, म्हणजे ‘सायन्स’ हे साप्ताहिक काढणारी १८४८ सालची संस्था, हिने ती २०१७ मध्ये सुरू केली. खर्च प्रतिष्ठानांच्या देणग्यांवर चालतो. बातमीदाराला काही मोजावं लागत नाही. जिथे विज्ञानाला वेगळा बातमीदार नसतो, अशी स्थानिक वर्तमानपत्रं आणि टीव्ही केंद्रं प्रामुख्याने तिच्या नजरेसमोर आहेत. तिकडे बातमीदारी करणाऱ्या मराठी मंडळींना पुढचं सगळं थेट लागू पडेल. इथल्या बातमीदारांनीही विनंतीची पद्धत उचलायला हरकत नाही.

बऱ्याच विनंत्या अशा येतात: ‘आयोवातल्या पाण्याच्या प्रदूषणावर बोलू शकेल असा तज्ज्ञ हवा. अर्जंट.’ (आयोवा हे अमेरिकेतलं एक राज्य.) यावर कोण माणूस शोधायचा? ‘पाण्याचा तज्ज्ञ’ असा कुणी नसतो. शेतातलं खत, ज्यातून नायट्रेट येतं, जमिनीत कसं मुरतं ते मृदाशास्त्रज्ञ सांगेल. ते विहिरीपर्यंत कसं पोचतं हे भूजलवाला सांगेल, आणि नायट्रेट काढायचं कसं हे जलशुद्धीकरणाचा इंजिनिअर. बाळाच्या रक्तात काय होतं ते बालरोगतज्ज्ञाला विचारा, वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्यांचं काय होतं ते साथरोगशास्त्रज्ञाला. चुकीचा माणूस गाठून दिला गेला तर तो सभ्यपणे ‘हा माझा विषय नाही’ म्हणतो आणि तुमचा अर्धा दिवस जातो. त्याहून वाईट म्हणजे तो विषय नसतानाही बोलतो.

तेव्हा आधी बातमीतला प्रश्न ठरवा, माणूस नंतर. तीच विनंती अशी लिहिली तर काम होतं:

‘विषय: ग्रामीण आयोवातल्या खासगी विहिरींमधलं नायट्रेट. केंद्रीय पेयजल कायदा या विहिरींना लागू नाही, तपासणी मालकाची जबाबदारी. प्रश्न: (१) सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका नेमका कशाने? (२) पाणी उकळून उपयोग होतो का? (३) मर्यादेच्या आतलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यास कर्करोगाचा धोका वाढतो का, आणि पुरावा कितपत पक्का आहे? नायट्रेटवर स्वतः संशोधन प्रसिद्ध केलेला साथरोगशास्त्रज्ञ हवा; मिडवेस्टमधला असल्यास उत्तम. फोनवर २० मिनिटं, रेकॉर्डिंग होईल, नावानिशी छापलं जाईल. मुलाखत बुधवारी दुपारी ३ पर्यंत, सेंट्रल टाइम. बातमी गुरुवारच्या अंकात.’

सोबत तुमचं नाव, माध्यमाचं नाव आणि चालू असलेला फोन नंबर. टीव्हीसाठी असेल तर कॅमेऱ्यावर यायचंय हे पहिल्याच ओळीत सांगा. फोनवर तासभर बोलणारे कितीतरी शास्त्रज्ञ कॅमेरा म्हटलं की नाही म्हणतात. मुदत म्हणून मुलाखतीची वेळ द्या, पान लागायची नव्हे. आणि खरी द्या. शुक्रवारची बातमी मंगळवारची म्हणून सांगणाऱ्याचं पुढच्या वेळचं ‘अर्जंट’ कुणी गंभीरपणे घेत नाही.

टाइम झोन लिहिल्याशिवाय वेळ लिहूच नका. आयोवा, म्हणजेच सेंट्रल टाइम, उन्हाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यांत ठरलेले फोन हमखास चुकतात. पुण्याहून बोलायचं असेल तर रात्री साडेआठची वेळ मागा: तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ.

नाव हाती आलं की लगेच फोन लावू नका. त्या व्यक्तीचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध काढा आणि निदान सारांश वाचा. निबंधाच्या शेवटी निधी आणि हितसंबंधांची टीप असते, ती वाचा. खतकंपनीचा पैसा असो की पर्यावरण संघटनेचा, त्याने माणूस आपोआप बाद होत नाही, पण वाचकाला ते कळायला हवं. जुळवून देणारी सेवा छाननी करते म्हणून तुमची छाननी टळत नाही.

या विषयात सगळ्यांत जास्त पाय घसरतो तो एककात. अमेरिकेत नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, भारतीय मानकात ४५. हे आकडे शेजारी ठेवून ‘भारतात साडेचार पट विष चालतं’ असा मथळा सहज निघतो, आणि तो साफ चूक असतो. अमेरिकी आकडा नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा आहे, भारतीय आकडा अख्ख्या नायट्रेटचा. १० ला ४.४३ ने गुणा, ४४.३ येतात. मर्यादा जवळजवळ एकच. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच: हा आकडा नायट्रोजन म्हणून दिलाय की नायट्रेट म्हणून? उकळण्याचंही तसंच. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की लिटरमागचं प्रमाण वाढतं. तज्ज्ञाला हे इतकं उघड वाटतं की विचारल्याशिवाय तो सांगणार नाही, आणि वाचक बाळाचं पाणी उकळतच राहील.

मुलाखतीच्या सुरुवातीलाच काय नावानिशी आणि काय फक्त माहितीसाठी, हे ठरवून घ्या. बोलून झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ म्हटलं तर वाद होतो. रेकॉर्डिंगला परवानगी विचारा आणि तीही रेकॉर्ड करा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. ‘धोका दुप्पट’ असं ऐकलं की ‘कितीचा दुप्पट?’ हे त्याच दमात विचारा. लाखात दोनाचे चार झाले तरी दुप्पटच. आणि फोन ठेवण्याआधी: ‘तुमच्या क्षेत्रात या मताशी कोण सहमत नाही आणि का?’ या प्रश्नाला उत्तम उत्तर देणारा तज्ज्ञ पुन्हा पुन्हा गाठावा.

तज्ज्ञांना बातमीची पूर्ण कॉपी तपासायला पाठवू नका. त्यांच्या तोंडी घातलेली वाक्यं आणि आकडे असलेले परिच्छेद फोनवर वाचून दाखवायला मात्र लाजू नका. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

लंडनचं सायन्स मीडिया सेंटर २००२ पासून आहे, त्याची रीत थोडी वेगळी. मोठं संशोधन प्रसिद्ध झालं की शास्त्रज्ञांच्या प्रतिक्रिया गोळा करून ते बातमीदारांना एकदम पाठवतं. घाईच्या दिवशी सोय मोठी आहे, पण तेच वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत दिसतं आणि उलटप्रश्न कुणी विचारलेला नसतो. अशा प्रतिक्रियांवर बातमी भागवू नये. त्यांतलं नाव घ्यावं आणि फोन करावा.

मुदतीत कुणी मिळालंच नाही, तर शोधनिबंधावर संपर्क-लेखकाचा ईमेल असतो, त्यावर वरचीच विनंती पाठवा. सोबत विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाला प्रत. महाराष्ट्रात विहिरींच्या पाण्याचा विषय असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेपासून सुरुवात करा. सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ वरिष्ठांच्या परवानगीशिवाय नावानिशी बोलणार नाहीत हे धरून चला, आणि अर्ज बातमीच्या दिवशी न करता चार दिवस आधी करा. परवानगीच्या अर्जाला ते तीन नेमके प्रश्न जोडा. ‘माहिती हवी आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो.